अर्धे प्रल्हाद शिंदे

लोकप्रिय गायकाच्या निवडक गाण्यांचा संग्रह खपू लागला की आपल्याकडचे जाणते नाक मुरडतात. प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांच्या संग्रहांना तर कॅसेटच्या दिवसांपासून हे सोसावं लागलं आहे. युक्तिवाद ठरलेला असतो. गाणी जुनीच, फक्त वेष्टन नवं. कंपनीला नव्या ध्वनिमुद्रणावर छदामही खर्चावा लागत नाही. घेणारा भाविक असतो, त्याला गाणं नको, देव हवा असतो. म्हणून या खपाचा आणि गाण्याच्या गुणवत्तेचा काही संबंध नाही. वर असे संग्रह नव्या गायकांची वाट अडवतात, कारण विकणाऱ्याला खपलेलंच पुन्हा विकायचं असतं.

यातलं बहुतेक मला पटत नाही. या संग्रहांवर माझाही एक आरोप आहे, आणि तो वरच्या सगळ्यांहून गंभीर आहे. पण तो मांडण्याआधी हे बाकीचे बाजूला केले पाहिजेत, कारण त्यांच्या गर्दीत खरी तक्रार दिसेनाशी झाली आहे.

भिवंडी तालुक्यातलं गणेशपुरी या वादासाठी योग्य गाव आहे. नित्यानंद स्वामींचं समाधी मंदिर, गरम पाण्याची कुंडं, भीमेश्वराचं देऊळ आणि यांच्यामधून जाणारा दुकानांचा रस्ता. हार, प्रसाद, तसबिरी, जपमाळा, आणि एके काळी कॅसेटचे ढीग. स्वामी दक्षिणेतून आले, १९६१ च्या ८ ऑगस्टला इथेच समाधिस्थ झाले. त्यामुळे इथे येणारा भक्त मराठीच असेल असं नाही. कानडी, मल्याळी, गुजराती, परदेशी, सगळे येतात. शिवाय जवळच वज्रेश्वरी आणि अकलोलीची कुंडं. पण कॅसेटच्या त्या ढिगातून प्रल्हाद शिंदे उचलणारा माणूस बहुधा आसपासचा असे: अंबाडीचा, दुगाडचा, कुडूसचा, वाड्याकडचा. आगरी, कुणबी, वारली, बौद्ध. शेतावर राबणारा, भिवंडीच्या यंत्रमागावर किंवा आता गोदामात पाळी करणारा, टेम्पो चालवणारा. जाणत्यांचा सगळा युक्तिवाद या माणसाविषयी आहे. त्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे.

आधी ‘जुनीच गाणी’ या मुद्द्याकडे वळू. हा आरोप करणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं: कलावंत दोन वर्षं खपून एक सलग कलाकृती घडवतो, आणि मग व्यापारी तिच्यातले गोड तुकडे कापून वेगळे विकतो. हे चित्र पाश्चात्त्य रॉकच्या एल.पी.चं आहे. मराठी भक्तिगीताच्या बाजारात असं काही फारसं घडलंच नाही. तिथे गाणं सुटंच जन्माला आलं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तव्यावर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. पुढे पंचेचाळीसच्या छोट्या ईपीवर एका बाजूला साधारण दोन गाणी. तेवढ्यात ध्रुपद, अंतरे, मधली पेटी-ढोलकी सगळं बसवायचं. तासाभराचा सलग, एका कल्पनेभोवती बांधलेला संच फार थोड्यांच्या वाट्याला आला. श्रीनिवास खळे यांच्या संगीतात लता मंगेशकरांनी गायलेले ‘अभंग तुकयाचे’ आठवावेत किंवा भीमसेन जोशींची ‘अभंगवाणी’. ती कामं थोरच आहेत. पण कंपनी ज्यांच्यावर एवढा तबकडीभर विश्वास टाके, ती नावं आधीच मोठी झालेली असत. कव्वालीच्या मंचावर, जलशाच्या आणि गायन पार्टीच्या परंपरेत गळा तयार झालेल्या गायकाला तासभर कोण देणार? त्याला सुटं गाणं मिळे, आणि ते चाललं तर आणखी एक.

प्रल्हाद शिंदे यांना हा तासभर मिळाला तो संग्रहाने. साठ मिनिटांच्या कॅसेटवर त्यांची आठ-दहा गाणी एका पाठोपाठ एक आली, तेव्हा ऐकणाऱ्याला पहिल्यांदा त्यांचा पल्ला कळला. गणपतीपुढचं गाणं, विठ्ठलाच्या वाटेवरचं गाणं आणि देवाला थेट जाब विचारणारं गाणं हा एकच माणूस किती निरनिराळ्या रीतीने गातो, हे सुट्या तव्यावर कळायला जागाच नव्हती. ज्याचं मूळ पुस्तक कधी छापलंच गेलं नाही, त्याच्या सुट्या पानांची पहिली बांधणी म्हणजे हा संग्रह. त्याला शिळं म्हणणाऱ्यांनी ताजं काय होतं ते दाखवावं.

तसं पाहिलं तर संग्रहाला कमी लेखण्याची रीत आपली नाहीच. तुकोबांचा गाथा आपल्यापर्यंत आला तो लोकांनी उतरून घेतलेल्या, जमवलेल्या अभंगांतून. वारकरी रोज म्हणतो तो हरिपाठही ज्ञानेश्वरांच्या अभंगांचा गुच्छ आहे. आणि गणेशपुरीपुरतं बोलायचं तर नित्यानंद स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते फारसं बोलतही नसत. मंगळूरकडच्या दिवसांत त्यांच्या तोंडून जी वाक्यं निघाली, ती भक्तांनी टिपली, आणि त्या टिपणांची ‘चिदाकाश गीता’ झाली. इथे येणारा साधक ती हातात घेतो तेव्हा कुणी म्हणत नाही की हे सुटं सुटं वेचलेलं आहे, म्हणून कमी दर्जाचं. वेचणं हे आपल्याकडे श्रवणाचंच पुढचं पाऊल मानलं गेलं आहे.

दुसरा मुद्दा भाविकाच्या भोळेपणाचा. हा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात गायकाचा आणि ऐकणाऱ्याचा, दोघांचाही अपमान आहे.

सारेगामा कंपनीने २०१७ साली ‘कारवां’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. जुन्या रेडिओसारखं दिसणारं, आत पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेली. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. शहरातल्या मुलांनी आईवडिलांच्या वाढदिवसाला, लग्नाच्या पन्नाशीला ते यंत्र भेट दिलं, आणि त्यावर कौतुकाचे लेख आले. त्यात एकही गाणं नवं नव्हतं. पूर्ण यंत्रच निवडक गाण्यांचा संग्रह होतं. तेव्हा कुणाला शिळेपणा आठवला नाही. सगळ्यांना त्यात आठवणी दिसल्या, अभिरुची दिसली. तीच गोष्ट वज्रेश्वरीच्या जत्रेत कुणी वीस-पंचवीस रुपयांच्या कॅसेटच्या रूपाने घरी नेली, तर तो भोळा. दोघांनी केलेली कृती एकच आहे. फरक घेणाऱ्याच्या घराचा आहे, आणि जाणत्यांनी संगीताच्या नावाखाली निकाल दिला तो त्या घराविषयी.

शिवाय भाविकाला फक्त देव हवा असेल, तर त्या ढिगात देव सगळ्याच कॅसेटवर होता. गणपती, विठ्ठल, साईबाबा, देवी यांच्या आरत्या आणि गीतं गाणारे किती गायक त्या दुकानांत आले आणि गेले. बरेच सुरेल होते. पुष्कळांकडे प्रल्हाद शिंदे यांच्यापेक्षा जास्त शास्त्रशुद्ध तालीम होती. पण कॅसेटकडून सीडीकडे, सीडीकडून शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी३कडे, तिथून पेनड्राइव्हवर आणि आता यूट्यूबच्या ज्यूकबॉक्समध्ये, प्रत्येक उडीत त्यातले अनेक गळाले आणि हा आवाज राहिला. देव तोच असताना गायकांत एवढी निवड झाली, ती केवळ भक्तीने केली असं म्हणता येणार नाही. ती कानाने केली.

त्या कानाला काय भावलं, हे नीट सांगितलं पाहिजे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज उंच पट्टीत उघडा लागतो, पण तिथे तो किंचाळत नाही, शब्द चिरत नाही. कव्वालीत गायकाला माइक चांगला मिळेल याची खात्री नसते. समोर हजारांचा जमाव, मागे टाळ्या आणि कोरस, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे. या सरावातून शब्द फेकण्याची एक पद्धत तयार होते: व्यंजन ठळक, स्वर लांब, आणि ओळीच्या शेवटी श्वास संपत आल्यासारखा वाटत असतानाच आणखी एक हरकत. गावातल्या मंडपाच्या पत्र्याच्या कर्ण्यातून आवाज येतो, तेव्हा त्याचा खर्ज गळून पडतो आणि टोक तेवढं उरतं. नाजूक मुरक्या तिथे चुरगळतात. प्रल्हाद शिंदे कर्ण्यातूनही प्रत्येक शब्दासकट ऐकू येतात. मधुकर पाठक यांच्यासारख्या संगीतकाराने या गळ्याची जात ओळखून चाली बांधल्या: ध्रुपद असं की दुसऱ्यांदा ऐकताच मंडळी उचलतील, आणि अंतऱ्यात गायकाला एकट्याने वर चढायला मोकळी जागा. हे कौशल्य आहे. शिक्षित कानाला ते साधं वाटतं, कारण ते साधं ऐकू यावं म्हणूनच घडवलेलं आहे.

नव्या गायकांची वाट अडते या आरोपाला फार वेळ देण्याची गरज नाही. आनंद शिंदे, मिलिंद शिंदे, पुढच्या पिढीत आदर्श शिंदे, उत्कर्ष शिंदे. एका घराचंच पाहिलं तरी वाट अडलेली दिसत नाही. त्या घराबाहेरही ठाणे-रायगडातल्या वाड्या-पाड्यांवर ज्यांनी गणपतीत पहिल्यांदा माइक हातात धरला, त्यांतल्या अनेकांची शाळा हीच कॅसेट होती. चुकीची उतरलेली ओळ पुन्हा मागे नेऊन ऐकायची, असं ते शिकले. ज्याला गुरू परवडत नाही, त्याला संग्रह परवडतो.

आणि ‘छदाम खर्चावा लागत नाही’ हे तर खरंच आहे. पण मग विचारायचं ते ऐकणाऱ्याला नव्हे. जो पैसा वाचला आणि जो आला, तो कुणाकडे गेला आणि कुणाकडे जायला हवा होता, हा प्रश्न कंपनीला विचारायचा असतो. जाणत्यांनी तो तिथवर कधी नेला नाही. माझा आरोप तिथूनच सुरू होतो.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांसाठी उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे ज्या आवाजात महाराष्ट्र आषाढीला पंढरीची वाट चालतो, तो आवाज ज्या मुलाचा, त्याच्या समाजाला तो तेरा-चौदा वर्षांचा होईपर्यंत विठ्ठलाच्या दारातून आत जायला मज्जाव होता. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि शतकांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देतो. प्रल्हाद शिंदे यांच्या बाबतीत ही गोष्ट शतकांपूर्वीची नाही. त्यांचं ‘पाऊले चालती’ हे गाणं ऐकताना यातलं काहीही आपल्याला आठवत नाही, कारण संग्रहाने ते आठवू दिलेलं नाही.

आंबेडकरी चळवळीतले प्रल्हाद शिंदे किती मोठे होते, हे भीमजयंतीचा मंडप ज्याने पाहिला आहे त्याला सांगावं लागत नाही. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवींनी लिहिलं, आणि अशा गळ्यांनी ते वस्त्यावस्त्यांत नेलं. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या, पुस्तक न परवडणाऱ्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचं आयुष्य, महाडचं तळं, नागपूरचा धम्मस्वीकार गाण्यातून पोहोचला. वामनदादा २००४ च्या मे महिन्यात गेले आणि प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी जूनमध्ये. सव्वा महिन्यात मराठीने लिहिणारा आणि गाणारा असे दोन्ही गमावले. त्या जोडीचं नाव भक्तिगीतांच्या वेष्टनावर कुठे सापडतं?

आमच्या गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या भागात भक्तिगीतं आणि भीमगीतं यांची ही फाळणी कानांनी ऐकू येते. १४ एप्रिलला भीमजयंती, आणि चैत्र अमावास्येला वज्रेश्वरी देवीची जत्रा. दोन्हींत काही दिवसांचं अंतर. जयंतीच्या मंडपात जो आवाज घुमतो, तोच जत्रेच्या दुकानात लागतो. पण दुकानातल्या संग्रहावर आणि मंडपातल्या संग्रहावर छापलेला माणूस वेगळा आहे. एका वेष्टनावर विठ्ठल, गणपती, टिळा, वीणा. दुसऱ्यावर निळा रंग, अशोकचक्र, बाबासाहेब. ज्याने पहिला घेतला, त्याला दुसऱ्याची खबर लागत नाही. अशी कितीतरी घरं आहेत, जिथे गणपतीचे दहाही दिवस प्रल्हाद शिंदे लागतात आणि ते भीमगीतं गात, हे कुणाला ठाऊक नाही. हे ठाऊक झाल्यावर चकित झालेली आणि काही वेळा गप्प झालेली माणसं मला भेटली आहेत. त्यांचं ते गप्प होणं संग्रहाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्याला जास्त लागतं.

यात आणखी एक गाठ आहे. गणेशोत्सवात ज्याच्याशिवाय पान हलत नाही असं ‘तूच सुखकर्ता’ हे प्रल्हाद शिंदे यांनी गायलेलं गीत हरेंद्र जाधव यांचं. हेच हरेंद्र जाधव ‘पहा पहा मंजुळा’ या भीमगीताचे कवी. म्हणजे गाणाराच नव्हे, लिहिणाराही दोन्हीकडचा. एकाच लेखणीतून आणि एकाच चळवळीतल्या माणसांकडून महाराष्ट्राच्या घराघरांतला गणपती आला आणि बाबासाहेबही आले. धम्म स्वीकारलेल्या समाजातल्या कवी-गायकांनी देवाची गाणी का करावीत, असा प्रश्न चळवळीतून विचारला जाणं स्वाभाविक आहे, आणि त्यावर मोकळी चर्चा व्हायला हवी. पोट होतं, कंपनीची मागणी होती, आणि लोकगायकाचा गळा ज्या सुरांत वाढतो त्यात वारीही असते, कव्वालीही असते. पण ही चर्चा होण्यासाठी आधी दोन्ही गोष्टी एका माणसाच्या म्हणून समोर याव्या लागतात. संग्रहाने त्या येऊ दिल्या नाहीत.

जगात असं इतरत्रही झालं आहे. जमैकाचा बॉब मार्ली १९८१ मध्ये वारला. १९८४ साली कंपनीने त्याच्या निवडक गाण्यांचा ‘लेजंड’ काढला, आणि तो जगातल्या सर्वाधिक खपलेल्या संग्रहांत गेला. निवड करताना गोऱ्या श्रोत्याला दचकवणार नाही अशी, प्रेमाची, सौम्य गाणी पुढे आणली गेली. त्याच्या बंडाचा मोठा भाग बाहेर राहिला. आज मार्लीचा चेहरा टी-शर्टवर घालणाऱ्या लाखोंना तो कशासाठी लढला, हे माहीत नसतं. अमेरिकेतल्या ईगल्स या बँडचा १९७६ चा संग्रह याहूनही प्रचंड खपला, पण तिथे असं काही हरवलं नाही, कारण त्या बँडच्या गाण्यांत लपवावं असं काही नव्हतं. म्हणून संग्रह ही गोष्टच वाईट, असं मला म्हणता येत नाही. ज्या गायकाच्या आयुष्यात समाजाशी भांडण आहे, त्याच्या गाण्यांतून कुणी काय वेचलं, हे तपासावंच लागतं. सर्वांत लोकप्रिय गाणी आपोआप वर येतात हा समज खोटा आहे. कुणीतरी टेबलाशी बसून यादी करतो. भीमगीतं लोकप्रिय नव्हती म्हणून या यादीत आली नाहीत, असं म्हणण्याचं धाडस कुणी करणार नाही. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला एकदा जाऊन यावं.

यावर उत्तर येतं की पूजेसाठी कॅसेट घेणाऱ्याला त्यात भीमगीत कशाला हवं, आणि जयंतीला विठ्ठल कशाला? मान्य. पहाटे देवापुढे लावायची कॅसेट वेगळी असू शकते. तिच्यावर ‘भक्तिगीते’ असं लिहा, माझी तक्रार नाही. पण जेव्हा वेष्टनावर गायकाचं नाव मोठं येतं, त्याच्या आधी ‘सर्वोत्तम’, ‘अविस्मरणीय’, ‘सुवर्ण’ असली विशेषणं लागतात, तेव्हा विकलं जातं ते त्या माणसाचं संपूर्ण कर्तृत्व, आणि आत असतो निम्मा माणूस. गाणी निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीची आहेत, हीही अडचण सांगितली जाते. पण हिंदी चित्रपटगीतांचे कित्येक संग्रह एकमेकांकडून परवाना घेऊन निघाले आहेत. जिथे नफा दिसला, तिथे परवाने मिळाले.

आता नावांबद्दल. इथे मला राग आवरत नाही.

आपल्या संतांना एक गोष्ट पक्की माहीत होती: गाणं तोंडातोंडी फिरतं आणि करणाऱ्याचं नाव गळून पडतं. म्हणून त्यांनी नाव शेवटच्या चरणात विणून टाकलं. तुकोबा, नामदेव, जनाबाई, चोखोबा, सगळ्यांची मुद्रा अभंगाच्या अंगात आहे. ती काढायची तर अभंगच मोडावा लागतो. शाहिरांनी तेच केलं. वामनदादांच्या गीतातही शेवटी वामन येतो, आणि कव्वालीत शायराचं टोपणनाव येतं ते याच कारणाने. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता, वकील नव्हता, त्यांनी आपल्या हक्काचा दस्तऐवज गाण्यातच लिहून ठेवला. ध्वनिमुद्रित गाण्याच्या काळात कवीला वाटलं, आता नाव तबकडीवर छापलं जाईल, मुद्रेची गरज नाही. आणि तबकडीवर, निदान त्या गोल कागदावर, ते बऱ्याचदा छापलं जाईही. गाणी तव्यावरून उचलून संग्रहात टाकली, तेव्हा तो गोल कागद मागे राहिला. ‘पाऊले चालती’ पाठ असलेल्या दहा जणांना विचारा, ते लिहिणाऱ्या दत्ता पाटील यांचं नाव किती जणांना येतं.

हे फक्त गरीब, लोकगीतवाल्यांच्या बाबतीतच झालं असंही नाही. १९४९ च्या ‘महल’मधलं लता मंगेशकरांचं गाजलेलं गाणं तबकडीवर आलं, तेव्हा गायिकेच्या जागी सिनेमातल्या पात्राचं नाव, कामिनी, छापलं होतं. गाणारी कोण हे कळायला ऐकणाऱ्यांना विचारपूस करावी लागली. तबकडीवर आपलं नाव यावं म्हणून लताबाईंच्या पिढीला झगडावं लागलं, आणि त्यांनी ते मिळवलं. कवी आणि संगीतकारांसाठी, विशेषतः सिनेमाबाहेरच्या, तसं झगडणारं फार कुणी उभं राहिलं नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहण्यासारखं आहे. कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने कलम ५२-ए आलं. त्यानुसार प्रत्येक ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणं बंधनकारक आहे: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचं नाव-पत्ता, आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. पुन्हा वाचा. करणारी कंपनी आणि मालक. कवीचं नाव छापा, असं हे कलम म्हणत नाही. गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क एकदा कंपनीच्या नावे झाले की ते लिहिणारा-बांधणारा वेष्टनावर नसला तरी कायदा समाधानी. कलम ५७ रचनाकाराला आपलं नाव सांगण्याचा हक्क देतं खरा, पण तो हक्क बजावायला त्याने कोर्टात जायचं. भीमगीतं लिहिणाऱ्या कवीने मुंबईत वकील लावून नामांकित कंपनीवर दावा ठोकावा, अशी ही व्यवस्था आहे. २०१२ ची दुरुस्ती मोठी होती: कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, असं तिने ठरवलं. त्याच दुरुस्तीने दुसऱ्याच्या आवाजात पुन्हा गायलेल्या गाण्यांवर तसं स्पष्ट लिहिण्याची सक्ती आली. कॅसेटच्या काळात मोठ्या गायकाच्या फोटोखाली भलत्याचाच आवाज विकण्याचा जो धंदा चाले, त्याला निदान कागदावर आळा बसला. पण रॉयल्टी मोजायची तर गाणं कुणाचं, हे आधी नोंदलेलं हवं. ज्याचं नाव संग्रहातच नाही, त्याचा वाटा कुठल्या वहीत चढणार?

संग्रहाच्या यशावर टीका करणाऱ्या जाणत्यांना माझं सांगणं आहे की ही भांडणाची जागा आहे. ऐकणाऱ्याच्या अभिरुचीवर जे शब्द खर्च झाले, त्यातले निम्मे जरी या वेष्टनाकडे वळले असते, तरी चार कवींच्या घरच्यांना न्याय मिळाला असता. तुम्ही लेख लिहिता, समित्यांवर बसता, आकाशवाणीवर बोलता. गणेशपुरीच्या रस्त्यावर कॅसेट घेणाऱ्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. पण त्याने आपलं काम केलं आहे. त्याने चांगला आवाज ओळखला आणि पन्नास वर्षं जपला.

कंपन्यांकडून पूर्वी जागेची सबब येई: कॅसेटच्या आतला कागद बोटभर, त्यावर दहा गाण्यांची नावंच जेमतेम मावतात. ती सबब तेव्हाही लंगडी होती, कारण इतर कॅसेटच्या जाहिराती त्याच कागदावर मावत. आता तर पडद्यावर जागेला तोटा नाही. ज्यूकबॉक्सच्या खाली कंपनीच्या इतर वाहिन्यांचे दुवे, रिंगटोनचे क्रमांक असं सगळं येतं. तिथे प्रत्येक गाण्यासमोर कवी, संगीतकार आणि मूळ तव्याचं वर्ष यायला हवं, आणि कलम ५२-ए मध्ये कवी-संगीतकारांची नावं बंधनकारक करणारी ओळ यायला हवी. ‘तूच सुखकर्ता’च्या खाली हरेंद्र जाधव आणि मधुकर पाठक ही दोन नावं चढवायला येत्या भाद्रपदापर्यंतचा वेळ भरपूर झाला. आणि ज्या संग्रहावर ‘सर्वोत्तम प्रल्हाद शिंदे’ असं लिहायचं असेल, त्यात भीमगीतं घ्या. ती घ्यायची नसतील तर वेष्टनावर ‘भक्तिगीते’ एवढंच छापा. त्यासाठी कुणाचा परवाना लागत नाही.